लहानग्याची जागा, लहानग्याचा घास

"बाळाला सीट घ्यायची, की मांडीवर?" तिकीट काढून देणारा माणूस हा प्रश्न सहज विचारतो आणि घरातली माणसेही सहज उत्तर देतात, "मांडीवरच." पैसे वाचतात, मूल आईजवळ राहते, मग जादा खर्च कशाला? पण ज्या घरातून दीड-पावणेदोन वर्षांचे मूल घेऊन पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास करायचा आहे, त्या घराने हे उत्तर देण्यापूर्वी एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून बसावे, हिशेब मांडावा आणि मगच काय ते ठरवावे. हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे.

एकेकाळी हिंजवडी म्हटले की म्हातोबाचे बगाड आणि भोवतालची शेते आठवत. गेल्या पाव शतकात इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि माण, मारुंजी, वाकडपर्यंत वस्ती पसरली. इथल्या कंपन्यांतून कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी कामासाठी अमेरिकेला, जर्मनीला, इंग्लंडला जाते. बहुधा आधी नवरा एकटा जातो आणि काही महिन्यांनी मागून सून आणि लेकरू निघते. आपल्यातल्या पुष्कळ घरांत विमानात बसणारी ही पहिलीच पिढी आहे. एस.टी.त लेकराला कसे धरावे, सोबत दशम्या कशा बांधाव्या, हे आजीने आईला आणि आईने मुलीला शिकवले. विमानाचे शिकवणारे मात्र घरात कोणी नसते. म्हणून लाजून गप्प बसण्यापेक्षा आधी विचारून, वाचून घेतलेले बरे.

प्रवास खरा किती तासांचा?

तिकिटावर पंधरा तास लिहिलेले असतात, पण ते मोठ्या माणसाचे तास. लेकराचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी जाणारी विमाने थोडी, तीही जवळच्या देशांची. अमेरिका-युरोपला जायचे तर हिंजवडीकरांना बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. वाकडचा पूल, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि पुढे मुंबईची गर्दी धरली तर तीन-चार तास जातात, कधी पाचही. विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचे असते. म्हणजे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटणाऱ्या विमानासाठी दुपारी चार-पाचलाच घर सोडावे लागते. वर विमानाचे पंधरा-सोळा तास, उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि मोटार. बेरीज केली तर लेकरू सव्वीस-सत्तावीस तास स्वतःच्या अंथरुणाबाहेर असते. बसण्याची आणि खाण्याची सगळी तयारी या आकड्यावर करावी, तिकिटावरच्या आकड्यावर नव्हे.

तासही वाढू शकतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या काही विमानांना वळसा घ्यावा लागला आणि प्रवास लांबला. म्हणून दूध, दुपटी आणि खाऊ नेहमी सहा-आठ तासांचा जादा घ्यावा. आणखी एक गोष्ट. नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे. तेव्हा तिकिटावर विमानतळाचे नाव कोणते आहे ते नीट वाचून मगच गाडी सांगावी.

मांडी आणि खुर्ची यांचा हिशेब

दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला मांडीवर नेता येते. परदेशी प्रवासात त्याचे भाडे साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर असे असते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशी. म्हणजे जाताना तेवीस महिन्यांचे असलेले मूल परत येताना पंचवीस महिन्यांचे झाले, तर परतीची जागा विकत घ्यावी लागते. बरेच जण हे विसरतात आणि ऐनवेळी दुप्पट पैसे भरतात.

समजा मोठ्या माणसाचे भाडे ७०,००० रुपये आहे. मांडीवरच्या मुलाचे ७,००० झाले. स्वतंत्र जागा पाऊणपट भाड्यात मिळाली तर ५२,५०० होतात. फरक ४५,५०० रुपयांचा. हा आकडा लहान नाही, आणि तो खर्च न करणारे आईबाप निष्काळजी असतात असेही नाही. पण त्या फरकात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे मात्र त्यांना माहीत असायला हवे.

अकरा-बारा किलोचे मूल पंधरा तास मांडीवर असले तर आईला समोरचे टेबल उघडता येत नाही. तिचे जेवण होत नाही, डोळा लागत नाही. मूलही अवघडते, चिडते. ही झाली सोयीची बाजू. सुरक्षिततेची बाजू त्याहून मोठी आहे.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेले एक विमान यंत्र फुटल्यामुळे आयोवा राज्यातील सू सिटी येथे कोसळले. विमानात २९६ माणसे होती, त्यांतली १८४ वाचली. काही लेकरे मांडीवर होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे हवाई सेविकांनी आईबापांना सांगितले, लेकराला खाली पायांशी ठेवा आणि धरून राहा. आदळण्याचा जोर असा होता की धरून ठेवणे कोणालाही शक्य नव्हते. दोन वर्षांच्या आतला एक मुलगा गेला. ही सूचना देणाऱ्या प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन त्यातून वाचल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी एकच मागणी लावून धरली, की विमानात प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा हवा. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळानेही तशी शिफारस केली. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने मात्र २००५ मध्ये सक्ती करण्यास नकार दिला. कारण असे दिले की, जागा सक्तीची केली तर काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर मुलांचा धोका उलट वाढेल. त्यांच्या देशात हा युक्तिवाद चालेलही, पण हिंजवडीहून न्यू जर्सीला मोटारीने कोण जाणार? आणि सक्ती न करणारे तेच प्रशासन पालकांना आजही सांगते की, मुलासाठी विमानातली सर्वांत सुरक्षित जागा आईची मांडी नसून मान्यताप्राप्त बालआसन ही आहे.

विमान कोसळणे फार दुर्मिळ. पण हवेतला हिसका तेवढा दुर्मिळ नाही. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला असा जबर हिसका बसला की एक प्रवासी दगावला आणि अनेक जखमी झाले. पट्टा न बांधलेली माणसे छतावर आदळली. आईने पट्टा बांधला आणि मूल मात्र सुटे असले, तर अशा वेळी आईची मिठी पुरत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. लांबच्या प्रवासात चालत्या-बोलत्या मुलाला शक्य असेल तर स्वतःची जागा घ्यावी, मग वय नियमात बसत असले तरी. थेट विमानात मांडीवर नेण्यापेक्षा एक थांबा असलेल्या स्वस्त विमानात स्वतंत्र जागा परवडत असेल, तर तसे करावे. दोन्ही टप्प्यांत जमत नसेल तर निदान लांबच्या टप्प्यासाठी विचारून पाहावे. नवीन कपडे, भेटवस्तू आणि जादा सामानाचे शुल्क यांतून काही रक्कम इकडे वळवता येते.

जागा कोणती आणि पट्टा कोणता?

स्वतंत्र जागा घेतली तरी मोठ्यांच्या पट्ट्यात लहान मूल नीट बसत नाही. एक वर्षावरील, दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांसाठी खुर्चीच्या पाठीला अडकवायचा खांद्यावरचा पट्टा मिळतो. 'केअर्स' या नावाचा असा पट्टा अमेरिकेत मान्य आहे. वजन जेमतेम अर्धा किलो, पिशवीत सहज मावतो. दुसरा पर्याय मोटारीतल्या बालआसनाचा. त्यावर विमानात वापरण्यास मान्यता असल्याची छापील नोंद हवी आणि ते खिडकीच्या जागेत बसवावे लागते, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. कोणतेही साधन नेण्यापूर्वी ते चालेल का, हे विमान कंपनीला फोन करून विचारावे आणि उत्तर लेखी मागून घ्यावे. बालआसनाचा आणखी एक उपयोग असा, की मुंबईपर्यंतच्या गाडीतही ते लागतेच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

मांडीवरच न्यायचे ठरले, तर विमानात शिरताच 'इन्फंट बेल्ट' मागावा. हा छोटा पट्टा आईच्या पट्ट्यात ओवून मुलाच्या पोटाभोवती बांधतात. भारतीय आणि युरोपीय विमानांत तो देतात. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत चढता-उतरताना तो वापरू देत नाहीत. एक चूक मात्र कधीही करू नये. आईच्याच पट्ट्यात मुलाला घेऊन बांधू नये, कारण हिसक्यात आईचे सगळे वजन त्या चिमुकल्या पोटावर येते.

पुढच्या भिंतीजवळच्या जागेसाठी पुष्कळ जण धडपडतात. तिथे भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, पण तो लहान बाळांसाठी. वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी, बहुधा दहा-अकरा किलोंच्या आसपास, आणि दीड वर्षाच्या मुलाचे पाय त्याबाहेर येतात. शिवाय तिथे दोन खुर्च्यांमधला हात वर होत नाही, त्यामुळे मुलाला आडवे करता येत नाही. पिशवीही पायाशी ठेवू देत नाहीत, वर टाकावी लागते. चालत्या मुलासाठी साध्या ओळीतली खिडकीची जागा बरी, शेजारी आई. मुलाला वाटेच्या बाजूला बसवू नये. जेवणाची गाडी जाताना बोटे सापडतात आणि गरम चहा वरूनच जातो.

आपल्याकडे एस.टी.त किंवा रेल्वेत दोन बाकांमध्ये चादर अंथरून लेकराला निजवतात. विमानात ते करू नये आणि करूही देत नाहीत. हवेचा दाब कमी झाला तर वरून पडणारी प्राणवायूची नळी खाली पोहोचत नाही. ती नळी पडलीच तर आधी आईने स्वतः लावावी, मग मुलाला. आई शुद्धीवर राहिली तरच मूल वाचेल.

जागा एकत्र मिळाल्या नाहीत तर गप्प बसू नये. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितले आहे की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. काउंटरवर हे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. इंग्रजी मोडके असले तरी चालते. त्या खुर्चीचे पैसे आपण मोजलेले असतात.

घास कोणता द्यावा?

आता खाण्याचे. घरी दुपारी शिजवलेला मऊ भात डब्यात घालून रात्री दोन वाजता विमानात भरवायचा, हा बेत पोट बिघडवणारा आहे. शिजवलेले अन्न बाहेरच्या उष्णतेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून डबा दोन भागांत करावा. वरण-भात, खिमट असे ओले अन्न निघण्याआधी घरीच पोटभर भरवावे. पुढच्या प्रवासासाठी कोरडे न्यावे.

आपल्या आजीचे ज्ञान इथे कामाला येते. दशम्या दिवसभर टिकतात. भाजलेल्या तांदूळ-मुगडाळीची पूड किंवा नाचणीचे सत्त्व लहान लहान पुड्यांत, एका वेळेला एक, असे मोजून घ्यावे. विमानात गरम पाणी मागून घेतले की पाच मिनिटांत मऊ घास तयार होतो. सत्त्व घरी शिजवून घेत असाल, तर प्रवासासाठी आधी भाजून घेतलेले पीठच न्यावे. राजगिऱ्याचा लाडू चुरून, मुरमुरे, खाकरा आणि एखादे केळे घ्यावे. पावडरचे दूध असेल तर बंद बाटलीतले पाणी वापरावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. अंगावर पिणारे मूल असेल तर त्याहून सोपे काही नाही. तिथे संकोच नको. आईने मात्र वरचेवर पाणी प्यावे, कारण विमानातली हवा फार कोरडी असते.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या यांतले काहीही देऊ नये. घशात अडकले तर त्या उंचीवर दवाखाना नसतो. वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो, म्हणून हरभऱ्याचे पदार्थही टाळावेत. एका वेळी थोडे आणि दोन-दोन तासांनी द्यावे. नवा पदार्थ प्रवासात पहिल्यांदा चाखवू नये. विमानाकडून मुलाचे जेवण हवे असेल तर निदान एक दिवस आधी नोंदवावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. वाढायला आल्यावर सांगावे, "आधी मुलाचे द्या, माझे नंतर." मूल मांडीवर असताना चहा-कॉफी घेऊच नये. लेकराने हात मारला की उकळता चहा त्याच्याच अंगावर येतो.

सुरक्षा तपासणीत शंभर मिलिलिटरहून जास्त पातळ पदार्थ अडवतात, पण मुलाचे दूध आणि अन्न प्रवासाला लागेल इतके नेऊ देतात. ते वेगळ्या पिशवीत ठेवून आपणहून दाखवावे. उतरण्याच्या देशाचे नियमही वेगळे असतात. जर्मनीसह युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आजीने दिलेली तुपाची बरणीही नाही. बंद डब्यातली बाळाच्या दुधाची पावडर आणि बालअन्न दोन किलोंपर्यंत चालते. अमेरिकेत उरलेले फळ खिशात ठेवून बाहेर पडू नये, विमानातच टाकून द्यावे. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस मुळीच नेऊ नये. अमिरातीत ती बंदी असलेली वस्तू आहे. बाळासाठी केलेल्या लाडवातही ती नसावी.

विमान उतरू लागले की कान दडे बसून दुखतात आणि मुले किंचाळतात. गिळण्याने कान मोकळे होतात. म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधी मूल जागे करून घोट घोट पाणी किंवा दूध पाजावे, किंवा दशमीचा तुकडा चघळायला द्यावा. डब्यातला शेवटचा घास यासाठी राखून ठेवावा. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

झोपेचे औषध नको

"थोडे सर्दीचे औषध पाज, म्हणजे झोपेल," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. घरातली जुनी माणसे जायफळ उगाळून द्या म्हणतात. भगिनींनो, हे करू नका. अशा औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि काही मुले तर झोपण्याऐवजी उलटी चेकाळतात. जायफळ जास्त झाले तर विषारी ठरते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया मागे राहिलेल्या तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत त्याच्या नोंदी आहेत. त्या मायांना पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, दुसरा उपाय नव्हता. आपल्यापुढे उपाय आहेत. घरचे मऊ दुपटे, ओळखीचे एक खेळणे, चित्रांचे पुस्तक, आणि पट्ट्याचा दिवा विझलेला असताना वाटेतून एक फेरी. एवढे करूनही मूल रडले तर रडू द्यावे आणि शेजाऱ्यांची क्षमा मागत बसू नये. मूल रडते यात आईचा अपराध नसतो.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरीच एक तालीम करावी. भिंतीजवळ खुर्ची ठेवून मुलाला पट्ट्यात बसवावे, सत्त्वाची पुडी गरम पाण्यात कालवून त्याच खुर्चीत भरवावे. मुलाला खेळ वाटतो आणि आईचा हात बसतो. आजीलाही या तालमीत घ्यावे. नातवंड सातासमुद्रापार चालले असते, त्याच्या डब्यात आपण काय घातले आणि ते कुठे बसून खाणार, हे तिने डोळ्यांनी पाहिले की निरोपाच्या वेळी तिचा जीव जरा हलका होतो.

आणि तिकीट काढणाऱ्याने पुन्हा विचारले, "बाळाला सीट घ्यायची का?" तर या वेळी उत्तर घाईने देऊ नये. पूर्ण हिशेब करून द्यावे.